उतरलेले सेल

प्रिय पद्या,

पाच महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझी तब्येत ठीक, साखर काठावर, गुडघा कुरकुरतो. झालं.

परवा झोप येईना म्हणून यूट्यूबवर मल्लिकार्जुन मन्सूरबुवांचं गाणं लावलं. तरुणपणीच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या ऐकल्या. जयपूर घराण्याच्या मंजीखाँ-भूर्जीखाँच्या तालमीनंतरचा आपला बुवा तो हाच, हे पटेना. मग खालच्या यादीतून एक रेकॉर्डिंग वर आलं, राग संपूर्ण मालकंस, बंदिश ‘बरज रही’, आकाशवाणीवरून कुणीतरी टेप केलेलं. दहाव्या मिनिटाला बुवा खाकरले आणि मी उठून बसलो. अरे, ही आपलीच रात्र! तुमची माडी, १९८७, लाइट गेलेले, आपणही हेच टेप करतोय, सुरुवातीचं निवेदन तुझ्या आईच्या थालीपिठापायी चुकलेलं. मालकंसात पंचम कसा लावतात म्हणून मी बोंबलत होतो आणि तू चिमटा काढून म्हणालास, “गप ऐक, गाढवा.” साध्या मालकंसात नसलेले रिषभ-पंचम संपूर्ण मालकंसात दोन्ही असतात हे मला चार वर्षांनी कळलं. माफी तेव्हाही मागितली नव्हती, आजही मागत नाही. चिमटा जोरात होता.

पण गोष्ट पुढेच आहे. ताना सुरू झाल्या आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. फार निवांत. आपली कॅसेट काढली (हो, माझ्याकडेच आहे, मी दहा वर्षं नाकारलेलं ते कबूल) आणि दोन्ही शेजारी लावून ऐकली. सुरुवातीला दोन्ही एकसारखी. शेवटच्या वीस मिनिटांत आपले बुवा चढत जातात. शेवटी जवळजवळ अर्धा सूर वर! नुसते बुवाच नाहीत, तंबोरेही चढतात रे! दोन शहाणे, शेकडो वेळा ऐकूनही एकाच्याही लक्षात आलं नाही. आपण त्याला ‘रंगत’ म्हणायचो.

सेल उतरले होते, पद्या. टेप हळू फिरत होती, म्हणून पुढे विजेवर लावली की सगळं पळायचं. आणि नवे सेल आणायचे पैसे तू माझ्याकडे दिले होतेस. त्याची मी मिसळ खाल्ली. टेपरेकॉर्डरमध्ये होते तेच सेल नुसते पुसून, जागा बदलून घातले.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पण तू सहा महिने त्याच लयीत त्या ताना घोटल्यास. पहाटे पाचला, पाण्याच्या टाकीपाशी. घसा बसला, त्यात गुरुजी म्हणाले, “तुझा पिंड नाही हा,” आणि तू तंबोरा माळ्यावर टाकलास. मी तेव्हा म्हणालो होतो, बुवांसारखं सगळ्यांना कसं जमेल? अरे, त्या लयीत बुवाही गात नव्हते!

तीन रात्री हेच डोक्यात आहे. हिला सांगितलं, तर म्हणाली, गाणं त्यांनी नोकरी लागली म्हणून सोडलं असेल. असेल. पण तुला विचारल्याशिवाय मला कसं कळणार?

ताईच्या निकालाचं कळलं, पेढे बाकी. गच्चीची गळती थांबली का? वहिनींना नमस्कार.

लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आहे. शेवटची वीस मिनिटं ऐक आणि शिव्या द्यायला तरी फोन कर. तंबोरा अजून माळ्यावर आहे की विकलास?

तुझा,
सुध्या

ता. क. सेलचे आठ रुपये होते. मिसळ साडेतीनची. उरलेल्याचं काय केलं ते आठवत नाही.