भरती आली की फ्लेमिंगो जातात कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायच्या बोटी सुरू झाल्या की दरवर्षी पेपरात गुलाबी थव्याचा फोटो येतो, बघून छान वाटतं, पण त्या थव्याचं भरतीच्या वेळी काय होतं हे फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी मुलुंडला राहतो, यंदा घरच्यांना घेऊन ठाणे खाडीत जाऊन आलो. ऐरोलीच्या पुलावरून रोज हजारो लोक जातात, पण खाली काय आहे ते बोटीत बसल्याशिवाय कळत नाही हो. दोन्ही काठांना तिवरांची दाट रांग, पाणी ओसरलेल्या चिखलात निवट्या मासे उड्या मारतायत, बगळे, शेकाटे, खंड्या, आणि मग पुढे तो लांबच लांब गुलाबी पट्टा! माना खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळत चाललेले असतात. छोट्या फ्लेमिंगोचं (लेसर फ्लेमिंगो या जातीचं) मुख्य खाणं म्हणजे चिखलातलं आणि पाण्यातलं शेवाळ, पिसांचा गुलाबी रंग पण त्या खाण्यातूनच येतो. बोटीतल्या कुणीतरी "दादा, अजून जवळ घ्या ना" म्हटलं तर बोटवाल्या कोळी दादांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, थवा उठवला की त्यांचं खाणं मोडतं. मला ते फार आवडलं.

आता मुद्द्याचं. बोटीची वेळ रोज बदलते, कारण ओहोटीला तिथे बोट चालण्याइतकं पाणीच नसतं. पण जी भरती बोटीला हवी असते तीच भरती पूर्ण चढली की फ्लेमिंगोंचं ताट पाण्याखाली जातं, उधाणाची असेल तर उभं राहायलाही जागा उरत नाही. मग ते उडतात आणि आतल्या उथळ तळ्यांवर जाऊन बसतात, नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्सकडचा डीपीएस शाळेजवळचा म्हणून डीपीएस तलाव, चाणक्य ही नौवहन संस्था आणि एनआरआय वसाहत यांच्याजवळची पाणथळ, इकडे भांडुप पंपिंग स्टेशनचा भाग. ओहोटी लागली की परत खाडीत. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) या संस्थेने काही फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग लावले होते, त्यातूनही ही ये-जा दिसली. म्हणजे खाडी हे त्यांचं जेवायचं ठिकाण आणि ही तळी विसाव्याचं, दोन्ही पाहिजेत, एकावर भागत नाही.

आणि आपण जपलंय काय? २०१५ साली खाडीचं सुमारे १६९० हेक्टर क्षेत्र अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातलं तिसरं स्थळ. अभिमानाचीच गोष्ट आहे, त्यासाठी झटलेल्या सगळ्यांचं कौतुक. पण नेरुळ-सीवूड्सची तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत आणि तिथे दर थोड्या दिवसांनी नवीन काहीतरी बांधायची बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली, तलाव सुकत गेला आणि काही फ्लेमिंगो मेले. पाणी आत-बाहेर खेळत राहिलं तरच असं तळं जिवंत राहतं, नुसती जागा मोकळी ठेवून काय उपयोग? रहिवासी आणि पक्षीप्रेमी लोक मागे लागले, शेवटी २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव राखीव करायला मंजुरी दिली. फार चांगलं झालं. पण मग बाकीच्या तळ्यांना तोच न्याय का नको? पक्ष्यांना हद्द कुठे संपते ते थोडंच कळतं.

वन खात्याला, महापालिकेला माझी एवढीच विनंती आहे की अभयारण्याचा विचार करताना ही भरतीची तळी धरूनच करा, पाणी यायच्या मोऱ्या आणि नाले दर वर्षी फ्लेमिंगो यायच्या आधी, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत तपासा, बुजले असतील तर मोकळे करा. याला काही मोठा प्रोजेक्ट लागत नाही.

आणि तुम्हालाही एक विनंती. हिवाळ्यापासून मे पर्यंत भरती-ओहोटीच्या वेळा पेपरात ठळक छापाल का? खाडी बघायला जाणाऱ्यांची सोय होईल, आणि भरतीच्या वेळेला आपल्या जवळच्या तळ्यात पाणी येतंय की नाही हे तिथल्या लोकांना स्वतः जाऊन बघता येईल, नसेल येत तर त्याच दिवशी तक्रार करता येईल.

आपला,
एक वाचक, मुलुंड