तक्रार पत्र: एकट्याच्या घरात न संपणारे पॅक, न जुळणाऱ्या सूचना

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग
प्रमुख, उत्पादन विकास विभाग

विषय: एकट्याने राहणाऱ्या ग्राहकांसाठी आपले पॅक, वापराच्या सूचना, उपकरणे आणि दुरुस्ती सेवा सोयीच्या नसल्याबाबत

महोदय/महोदया,

आम्ही आपल्या कंपनीचे तयार खाद्यपदार्थ, कपडे धुण्याचे द्रव साबण आणि घरगुती उपकरणे नेहमी विकत घेणारे ग्राहक आहोत आणि आम्ही सगळे एकटे राहतो. आमच्यात लग्न न केलेले आहेत, घटस्फोट झालेले आहेत, जोडीदार गमावलेले ज्येष्ठ आहेत, नोकरीसाठी घरच्यांपासून लांब राहणारेही आहेत. काही जण पॅकेजिंगच्या आणि उपकरणदुरुस्तीच्या कामात मुरलेले आहेत. त्यामुळे चूक कुठे आहे, ती का होते आणि कशी सुधारता येईल, हे तपशिलाने लिहीत आहोत.

आपण ‘एकट्यासाठी’ अशी पट्टी छापलेले लहान पॅक बाजारात आणले. हेतूबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी, की आतला माल कमी केला यापलीकडे त्यात काहीच बदललेले नाही. पिशवी तीच, झाकण तेच, मागे छापलेली कृती चार जणांचीच. ग्रॅममागे मोजावी लागणारी किंमत मात्र मोठ्या पॅकपेक्षा बरीच जास्त.

एकटा माणूस कमी वापरतो, एवढेच गृहीत धरून हे पॅक बनवलेले दिसतात. वास्तविक तो चौघांच्या घरातल्या कुणाही एकाइतकेच खातो. फरक पडतो तो पॅक उघडल्यापासून संपेपर्यंतच्या दिवसांत. जी बाटली चौघांकडे दोन दिवसांत संपते, ती एकट्याकडे आठ दिवस उघडी राहते. लेबलवरची मुदत न उघडलेल्या पॅकची असते. एकट्या माणसाला तिचा उपयोग दुकानात उभे असेपर्यंतच. सील निघाले की हवा, ओलावा आणि चमच्याबरोबर जाणारे जंतू यांचे काम सुरू होते. अतिउच्च तापमानावर प्रक्रिया केलेले दूध बंद खोक्यात कित्येक महिने बाहेर टिकते, पण खोके उघडले की ते साध्या दुधासारखे फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे लागते. दळलेल्या मसाल्यातली सुगंधी तेले उडून जातात, तेलबियांचे पदार्थ खवट होतात. पॅक जसजसा रिकामा होतो तसतशी त्यात हवेची जागा वाढते, म्हणून शेवटचा चतुर्थांश भाग सर्वांत जास्त बिघडतो. तोच भाग आम्ही पैसे देऊन विकत घेतो आणि कचऱ्यात टाकतो.

यावरचा पहिला उपाय छपाईचा आहे. ‘उघडल्यानंतर किती दिवस’ हा आकडा मुदतीच्या तारखेइतक्याच ठळक अक्षरांत आणि तिच्या शेजारीच छापा. ‘थंड व कोरड्या जागी ठेवा, लवकर संपवा’ या वाक्यातून काहीच कळत नाही. लवकर म्हणजे तीन दिवस की तीन आठवडे? शेजारी एक कोरी चौकट द्या आणि तिच्यावर साध्या पेनाची शाई धरेल असे पहा. गुळगुळीत प्लॅस्टिकवर तारीख लिहिली की पुसून जाते. सौंदर्यप्रसाधनांच्या डब्यांवर उघड्या डबीचे चिन्ह आणि त्यावर महिन्यांचा आकडा छापलेला असतोच. तीच पद्धत खाद्यपदार्थांना लावा, फक्त महिन्यांच्या जागी दिवस.

दुसरा मुद्दा पिशवीचा. लहान पॅक महाग का, याचे एक खरे कारण आम्हाला मान्य आहे. आकार तसाच ठेवून आतली जागा एक अष्टमांश केली, तर बाहेरचे आवरण एक चतुर्थांशच होते. म्हणजे तेवढ्याच मालाला दुप्पट आवरण लागते. पॅक फारच लहान केला की नाकापेक्षा मोती जड होतो. म्हणूनच आम्ही छोट्या पुड्या मागत नाही. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटवून केलेल्या त्या पुड्यांचा पुनर्वापरही अवघड असतो. आम्हाला मोठाच पॅक द्या, पण आत वेगवेगळे सील केलेले तीन-चार कप्पे असू द्या. एक कप्पा उघडला तरी बाकीचे बंद राहतील. सॉस, तेल यांसारख्या द्रव पदार्थांना खोक्यातली आकसणारी पिशवी चालेल: तोटीतून पदार्थ बाहेर येतो तशी पिशवी मिटत जाते आणि आत फारशी हवा शिरत नाही. तंत्र नवे नाही. ते घरगुती मापाच्या पॅकमध्ये आणायला हवे.

आणि ज्या पिशव्यांना झिप आहे, त्यांची झिप नीट करा. सध्याच्या पिशवीत फाडायची चीर झिपच्या इतकी जवळ आहे की कड फाडल्यावर वर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर पट्टी उरते. पुढच्या वेळी दोन्ही बाजू चिमटीत धरून उघडायला काहीच सापडत नाही. मग कात्री येते आणि झिप कायमची जाते. चीर झिपपासून निदान दीड सेंटिमीटर वर हवी. पीठ किंवा पूड असली की ती झिपच्या खाचेत अडकते आणि वरून बंद दिसणारी पिशवी खरे तर उघडीच राहते. अशा मालासाठी झिप मधोमध न ठेवता एका कोपऱ्यात ओतायचे तोंड द्या. चौघांच्या घरात पिशवी चार-पाच वेळा उघडते, आमच्याकडे वीस वेळा. झिप किती वेळा टिकते याची चाचणी त्या हिशेबाने घ्या.

काचेच्या बरण्यांचे झाकण हा ज्येष्ठांचा मोठा प्रश्न आहे. पदार्थ गरम असताना बरणी भरतात, थंड झाल्यावर वाफेचे पाणी होते आणि आत निर्वात होते. ७ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ साधारण ३८ चौरस सेंटिमीटर भरते. आतला दाब बाहेरच्या हवेच्या निम्म्यावर आला, तर झाकण सुमारे २० किलोच्या जोराने खाली दाबले जाते. संधिवात असलेल्या हाताला ते फिरत नाही आणि घरात ‘जरा हे उघडून दे’ म्हणायला दुसरे कुणी नसते. मग सुरीच्या टोकाने झाकण उचकटले जाते. त्यात हात कापतो किंवा काचेचा कपचा उडून पदार्थात पडतो. झाकणाच्या मध्यभागी सोलून काढता येणारी छोटी चकती ठेवा. ती ओढली की हवा आत शिरेल आणि झाकण सहज फिरेल. या पत्रातली एकच गोष्ट आधी करणार असाल, तर ही करा.

आता कृतीबद्दल. आपल्या सूपच्या पाकिटावर चार जणांसाठी ८०० मिलिलिटर पाणी आणि १५ मिनिटे उकळी लिहिली आहे. एकट्यासाठी ‘सर्व साहित्य चौथा हिस्सा घ्या’ अशी बारीक ओळ आहे. ही ओळ चुकीची आहे. पाणी किती उडेल हे पाण्याच्या प्रमाणावर ठरत नाही. भांड्याचे तोंड, आच आणि वेळ यांवर ठरते. समजा १५ मिनिटांत १६० मिलिलिटर पाणी उडाले, तर चौघांचे सूप ६४० मिलिलिटर उरते. त्याच भांड्यात २०० मिलिलिटर पाणी घेतले आणि तेवढाच वेळ तसेच उकळले, तर तळाशी ४० मिलिलिटरचा लगदा राहील आणि तोही लागलेला. तोंडाचे क्षेत्रफळ निम्मे असलेले भांडे घेतले तर साधारण ८० मिलिलिटर उडते, म्हणजे १६० मिलिलिटर सूप मिळायला २४० मिलिलिटर पाणी घ्यावे लागते. भांड्याचा व्यास, झाकण ठेवायचे की नाही, पाणी आणि वेळ, अशी एका माणसाची वेगळी कृती स्वतः करून पाहून छापा. ओव्हनसाठीही तेच: तापमान तेवढेच राहते, भांडे लहान लागते आणि वेळ कमी होतो, पण चौथ्या हिश्श्यावर येत नाही. मायक्रोवेव्हमध्ये मात्र प्रमाण कमी केले की वेळ बराच घटतो. दोन्हींना मिळून एकच सूचना देऊन भागत नाही.

त्यात पाकिटातले मिश्रण सारखे मिसळलेले नसते. वाहतुकीतल्या हादऱ्यांनी बारीक कण खाली झिरपतात आणि जाडसर तुकडे वर राहतात. पाकीट एका वेळी संपवणाऱ्याला काही कळत नाही. चार वेळा वापरणाऱ्याचे पहिले सूप अळणी होते आणि शेवटचे खारट. एकतर हिस्से वेगळे सील करा, नाहीतर ‘घेण्यापूर्वी कोरड्या भांड्यात काढून ढवळा’ असे स्पष्ट लिहा. शिवाय हिस्सा चमच्यात आणि ग्रॅममध्ये सांगा. पाव पाकीट कुणालाही डोळ्यांनी मोजता येत नाही.

वॉशिंग मशीनची तक्रार आमच्यात सर्वांत जास्त जणांची आहे. एकट्याचे कपडे थोडे असतात. एक जाड टॉवेल आणि दोन शर्ट टाकले की पिळताना ओला टॉवेल ड्रमच्या एकाच बाजूला चिकटतो. तोल गेल्याचे मशीनला कळते, ते कपडे पुन्हा पसरवून पाहते आणि जमले नाही की वेग कमी करते किंवा मध्येच थांबते. कपडे निथळत बाहेर येतात. सेवा केंद्रात फोन केला की तंत्रज्ञ पाठवतात, तो बिघाड नसल्याचे सांगतो आणि भेटीचे पैसे लागतात. एक जड कपडा एकटा न टाकता तशाच वजनाचे आणखी एक-दोन टाकावेत, एवढी ओळ झाकणाच्या आत छापली असती तर हा भुर्दंड वाचला असता. मशीन भरेपर्यंत थांबा, हा सल्ला चालत नाही. आठवडाभर साठलेल्या दमट कपड्यांना कुबट वास येतो.

‘हाफ लोड’चे बटण पाणी कमी करते, साबण किती घालायचा ते सांगत नाही. आपल्या द्रव साबणाच्या टोपणातली सर्वांत खालची रेघ मध्यम भाराची आहे, आणि पारदर्शक टोपणावर रेघही पारदर्शक. अंदाजाने साबण जास्त पडतो. फेस जास्त झाला की कपडे एकमेकांवर नीट घासले जात नाहीत, खळबळून निघत नाहीत आणि राहिलेला साबण दाराच्या रबरात साचून वास मारतो. लहान भाराची रेघ द्या, ती रंगीत द्या. आपल्या साबणाच्या गोळ्या तर पूर्ण भाराच्याच आहेत आणि त्या अर्ध्या करता येत नाहीत. अर्ध्या भाराची गोळी काढा.

मिक्सरच्या मोठ्या भांड्यात एका माणसाचे प्रमाण पात्याखालीच राहते किंवा कडेला उडून बसते. अरुंद तोंडाचे आणि तळाशी टेकलेल्या पात्याचे लहान भांडे मशीनबरोबरच द्या, वेगळे विकू नका.

लहान फ्रिजबाबत आपला हिशेब उलटा आहे. एकटा माणूस एकदा शिजवून हिस्से गोठवून ठेवतो, म्हणून एकूण फ्रिज लहान असला तरी फ्रीझरचा वाटा मोठा लागतो. आपल्या लहान मॉडेलला फक्त बर्फाचा कप्पा आहे, एक तारांकित. एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. शिजवलेले अन्न दोन-तीन महिने ठेवायला उणे १८ लागते. ग्राहकाला विकत घेण्यापूर्वी हे तारे कळतील अशा जागी लावा. सध्या ते कप्प्याच्या दारामागे आहेत.

‘एकावर एक मोफत’ योजनेत दुसरा पॅक वेगळ्या प्रकारचा निवडू द्या, किंवा दोन महिन्यांनी घ्यायची सोय ठेवा.

दुरुस्ती सेवेत ‘सकाळी ९ ते संध्याकाळी ६ दरम्यान कुणीतरी घरी असावे’ असा संदेश येतो. आमच्या घरात कुणीतरी म्हणजे आम्हीच. त्यासाठी पूर्ण दिवसाची रजा जाते. दोन तासांची वेळ, निघण्यापूर्वी अर्धा तास फोन, आणि संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी यायचा पर्याय द्या. तंत्रज्ञाचे नाव, छायाचित्र आणि दारात पडताळायचा सांकेतिक क्रमांक आधी पाठवा. नोंदणी अर्जात आपण घरात किती माणसे आहेत हे विचारता आणि ती माहिती तंत्रज्ञाच्या कामाच्या पानावर छापली जाते. एकट्या राहणाऱ्या बाईच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. ती माहिती त्या पानावरून आजच काढा. भिंतीवर बसवायच्या उपकरणाच्या पत्रकातही दोन माणसांचे चित्र आहे. आधी पट्टी ठोकून नंतर उपकरण तिच्यावर अडकवता येईल अशी रचना केली, तर एका माणसाला ते निदान टेकवता येईल.

एवढी मागणी नाही, असे उत्तर कृपया देऊ नका. अमेरिकेच्या जनगणनेत एका माणसाची घरे १९४० साली ७.७ टक्के होती, २०२० साली २७.६ टक्के झाली. जपानमध्ये २०२० साली अशी घरे सुमारे ३८ टक्के होती. आपल्या जाहिरातींत एकटा ग्राहक नेहमी तरुण आणि हौशी दिसतो, पण एकट्याने राहणाऱ्यांत ज्येष्ठांची संख्या मोठी आहे आणि बारीक अक्षरे, घट्ट झाकणे यांचा त्रास त्यांनाच सर्वांत जास्त होतो.

लेबल, कृती, टोपणावरची रेघ आणि कामाच्या पानावरची माहिती यांसाठी कारखान्यात यंत्र बदलावे लागत नाही. पुढच्या छपाईत हे होऊ शकते. झाकणे, कप्प्यांचे पॅक आणि फ्रीझर यांना वेळ लागेल हे आम्हाला समजते. कोणती गोष्ट कधीपर्यंत होईल आणि कोणती होणार नसेल तर का, हे ३० दिवसांत लेखी कळवावे. उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि पद त्यात असावे. नव्या पॅकची चाचणी घ्यायची असेल तर आम्ही घरी वापरून, तारखा टिपून, नोंदी द्यायला तयार आहोत.

आपले,
एकट्याने राहणारे ग्राहक

सोबत: १. झिप फाटलेल्या पिशव्यांची छायाचित्रे. २. सूपच्या पाकिटाची मागची बाजू, चुकीच्या ओळीवर खूण केलेली. ३. बिघाड न आढळता आकारलेल्या भेट शुल्काच्या पावत्या.