लांबलेला ताप, वाढलेली प्लीहा आणि काळा आजार

संपादक महोदय,

काळा आजार हा प्रामुख्याने बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागाचा रोग असल्याने खान्देशातील डॉक्टरांच्या मनात तो सहसा येत नाही. मात्र भुसावळ जंक्शनवर उतरून कामासाठी येथे राहणाऱ्या त्या भागातील कुटुंबांसोबत त्यांची मुलेही येतात. वालुमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरणाऱ्या सूक्ष्म परजीवीचा हा संसर्ग काही महिन्यांनीही डोके वर काढू शकतो.

दोन आठवड्यांहून अधिक ताप, वजनातील घट, रक्तक्षय आणि वाढलेली प्लीहा (पाणथरी) ही लक्षणे हिवताप, क्षयरोग व रक्ताच्या कर्करोगातही दिसतात. सातपुड्यातील मुलांमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळेही प्लीहा वाढते, त्यामुळे गफलत होणे स्वाभाविक आहे. पण हिवतापाचे औषध देऊनही ताप हटत नसेल, तर मूल पूर्वी कोणत्या जिल्ह्यात राहत होते हे आईवडिलांना विचारलेच पाहिजे. हा एक प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो.

बोटाच्या थेंबभर रक्तावर होणारी आरके-३९ चाचणी या आजाराविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे (अँटीबॉडी) शोधून काही मिनिटांत निष्कर्ष देते. उपचारांनंतरही ही प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकत असल्याने, पूर्वी हा आजार झालेल्या मुलात मात्र अस्थिमज्जेत (हाडांतील मगजात) परजीवी शोधावे लागतात. उपचारांविना हा आजार बहुधा जीवघेणा ठरतो, तर लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी या औषधाने तो बरा होतो. म्हणून जळगाव, धुळे व नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयांत ही चाचणी सदैव उपलब्ध ठेवावी, ही आरोग्य विभागास कळकळीची विनंती.

– एक बालरोगतज्ज्ञ, जळगाव