चालता कॉम्प्युटर भंगारात का घालायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उदगीरला माझे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, थांबवला आणि तेव्हापासून लोक एकच प्रश्न घेऊन येत आहेत: ‘आता हे भंगारच ना?’ विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची यंत्रणा लागते, शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा हवा. आमच्याकडच्या घरांत चौथ्या, सहाव्या पिढीचे डेस्कटॉप आहेत. सोयाबीनची पट्टी हातात पडली की पोरीच्या कॉलेजसाठी नवा कॉम्प्युटर घ्यायला निघालेले बाप मी पाहतो. जुन्याला काहीएक झालेले नसते. याचा मला फार त्रास होतो.

अशांना मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली सुचवतो, त्यातही जुन्या यंत्रांना झेपणारी हलकी एक्सएफसीई आवृत्ती. लिनक्सच्या प्रकारांची यादी लांबलचक आहे, पण नवख्याने त्यात शिरूच नये. मिंटमध्ये मेनू खाली डाव्या कोपऱ्यात असतो, विंडोजवाल्याचा हात आपोआप तिकडे जातो. चार जीबी रॅमवर ती चालते. इंटरनेटसाठी फायरफॉक्स आणि पत्रे, तक्ते करायला लिबरऑफिस सोबतच येतात, परवान्याचे पैसे नाहीत. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट ही टायपिंगची मांडणी निवडता येते. जमल्यास जुनी हार्डडिस्क काढून तिच्याजागी वेगवान एसएसडी बसवावी. वेगातला फरक लगेच जाणवतो.

मुख्य म्हणजे आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते, हार्डडिस्कला हात न लावता. प्रिंटर, वायफाय, आवाज तिथेच तपासा. पटले तर फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून मगच इन्स्टॉल करा.

सगळ्यांनाच मी हे सांगत नाही. आडत दुकानात हिशेबाची टॅली चालते, ती विंडोजसाठी आहे. लग्नपत्रिका श्रीलिपीत करणाऱ्यांचेही तसेच. सेवा केंद्रवाल्यांनी अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल सहीचे टोकन लिनक्सवर चालते का, हे आधी पाहावे, घाई करू नये. पण ज्या घरात अभ्यास, फॉर्म भरणे, व्हिडिओ आणि पत्रे एवढेच काम आहे, तिथे नव्या यंत्राचा खर्च कशाला?

शाळांचे तर मला कळतच नाही. केरळने सरकारी शाळांतले संगणक शिक्षण कित्येक वर्षांपूर्वीच लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियन या लिनक्सवर आधारलेली बॉस ही भारतीय भाषांची प्रणाली केली आहे. तरी आपल्याकडे जुने संगणक निर्लेखनाच्या, म्हणजे बाद करायच्या, यादीत जातात. लातूर जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने निर्लेखनाआधी प्रत्येक संगणक लिनक्सवर सुरू करून पाहण्याची अट घालावी आणि जे चालतील ते वर्गात ठेवावेत, ही विनंती. उदगीर तालुक्यातील शाळांसाठी हे काम मी विनामोबदला करून देईन.

आपला,
एक संगणक दुरुस्तीकार, उदगीर (जि. लातूर)