ती कचेरी नाही, आमचं स्टेशन आहे

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या गावाबाहेरच्या पडक्या इमारतीचा फोटो आला आणि खाली छापलं 'निजामकालीन कचेरी'. अहो कचेरी कसली, ते आमचं रेल्वे स्टेशन आहे! आणि निजामाचं तर अजिबात नाही, मुलूख निजामाचा होता पण लाईन बार्शी लाईट रेल्वेची, म्हणजे लंडनच्या खासगी कंपनीची. 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, मग रूळ पुढं सरकत सरकत 1911 ला लातूरला पोचले. कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं दोन रुळांत फक्त अडीच फुटांचं अंतर ठेवलं आणि एका आसावर (चाकांची जोडी धरणाऱ्या दांड्यावर) पाच टनाच्या वर वजन येऊ द्यायचं नाही असा हिशोब केला, म्हणून हलक्या रुळांवर भागलं अन् खर्च वाचला. सरकारनं ही लाईन घेतली ती थेट 1954 ला.

फोटोत जी 'खिडकी' दिसते ना, ती तिकिटाची. खालचा दगड बघा, मधोमध खोलगट झालाय, पैसे सरकवून सरकवून. माझी आजी आषाढीला याच खिडकीवर पंढरपूरचं तिकीट काढायची, पदराच्या गाठीतली चिल्लर सोडायला तिला इतका वेळ लागायचा की मागचे लोक ओरडायचे. गाडी तरी कुठं घाईत होती म्हणा, बालाघाटाच्या चढाला पोरं खाली उतरून सीताफळं तोडून परत डब्यात चढायची (मी पण).

93 च्या भूकंपात गावातली घरं पडली, या इमारतीला साधी चीर गेली नाही. तिला मारलं ते ब्रॉडगेजनं, म्हणजे रुंद रुळांच्या मोठ्या लाईननं. छोटी लाईन धाराशिव शहराला कधी शिवलीच नव्हती, नवी लाईन तिकडून वळवली, 2008 पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी सगळी ब्रॉडगेज झाली आणि आमचं गाव बाजूला राहिलं. धाराशिवकरांना रेल्वे मिळाली हे चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार एवढीच की पत्रे गेले, दारं गेली, आता चिरे पण एकेक करून गोठ्यांना लागायलेत आणि विचारलं तर म्हणतात पडकी कचेरी तर आहे. तेवढी दुरुस्ती छापा. आणि फोटोग्राफरला परत पाठवायचं असलं तर पावसाळ्याआधी पाठवा, नंतर वेड्या बाभळीत आत जाता येत नाही.

एक जुना वाचक, जि. धाराशिव