शिराझचं तिकीट

प्रिय सुमे,

तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, यांचं बीपी गोळीवर आहे, एवढं पुरे. तुझ्या सुनेचे दिवस भरत आले असतील ना, तिला जप आणि तू स्वतः जागरणं करू नकोस. आता माझं ऐक. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे सगळं सलग सांगायचंय.

परवा चिरंजीव आले होते. जेवणं झाली आणि त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला, बघते तर इराणमधलं शिराझ! फारसी कवी हाफिजची समाधी, ते आठ खांब, वरचा घुमट, सगळे फोटो. म्हणाला, "आई, तिकडचं वातावरण निवळलं की पुढचा नवरोज, तुझं ते इराणी नवं वर्ष, तुम्ही दोघं शिराझमध्ये. बुकिंग माझ्याकडे लागलं. इतकी वर्षं घरात बसून इराण इराण करतेस, आता खरं बघून ये." हे इतके खूश झाले की लगेच बॅगा कुठल्या माळ्यावर आहेत याची चर्चा सुरू. मी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला, डोळे भरून आले माझे, त्याने पैसे साठवलेत गं त्यासाठी. आणि रात्री झोप नाही.

मला जायचं नाहीये, सुमे. आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही, कारण बाकी प्रत्येकाला वाटणार की म्हातारी घाबरली, किंवा खर्चाचा विचार करतेय, किंवा गुडघ्याचं कारण आहे. घाबरायला काय झालंय, आणि गुडघ्याला पट्टा बांधून मी कुठेही जाईन. मला टोचलंय ते त्याचं ते "आता खरं" हे बोलणं. म्हणजे इतकी वर्षं मी काय वेटिंग रूममध्ये बसले होते का? पहाटे उठून कलम तासायचं, एका ओळीवर आठवडे काढायचे, केशर कुटायचं, नवरोजचा ओटा मांडायचा, हे सगळं गाडी येईपर्यंतचा टाइमपास होता का? त्याने प्रेमाने केलंय म्हणून तर जास्तच गुंता आहे, वाईट हेतूने बोलला असता तर एका वाक्यात उडवून लावलं असतं.

तू आता हसत असशील कारण हेच तू मला इस्तंबूलहून आल्यावर बोलली होतीस. आठवतंय ना? तू फोटोंचा ढीग दाखवत होतीस आणि मी एका फोटोत दरवाज्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं की हे काय लिहिलंय, कुणी लिहिलंय, तर तू तडकलीस. "तिथला वारा अंगावर घेतल्याशिवाय काही कळत नाही, पुस्तकं वाचून कळत नाही," म्हणालीस. मी म्हटलं, वारा अंगावर घेतलास पण दरवाजा वाचला नाहीस. त्यानंतर कितीतरी दिवस तुझा अबोला. मी अजून माझ्या बाजूवर ठाम आहे बरं का! आणि वाऱ्याबद्दल तुझं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, फक्त तू ओरडत होतीस म्हणून मी ते तुला कळू दिलं नाही.

आपण दोघींनी माधव जूलियनांचा फारसी-मराठी कोश मध्ये ठेवून अलिफ-बे गिरवायला सुरुवात केली तेव्हा दोघींपैकी कुणाला शिराझला जायचं होतं का? मला तरी नव्हतं. मला ती अक्षरं वळणदार वाटायची आणि हाफिज कुणाच्या तरी मध्यस्थीशिवाय वाचायचा होता, बस्स. तू 'दाल'पर्यंत आलीस आणि लग्न करून मोकळी झालीस.

तेव्हापासून माझं चालूच आहे, तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. आता ऑनलाइन ज्या बाई शिकवतात त्या मूळच्या शिराझच्या, पण खूप वर्षं टोरोंटोत. नस्तालीक, म्हणजे फारसी लिहायची ती वळणदार शैली, त्यांनीच शिकवली. बोरूचं टोक तिरकं कापायचं, मध्ये बारीक चीर द्यायची, आणि दौतीत शाई नुसती ओतायची नाही, आत रेशमाच्या धाग्यांचा बोळा ठेवायचा म्हणजे टोक बेताची शाई उचलतं. मग त्याच टोकाने चौकटीसारखा एक ठिपका काढायचा आणि त्या ठिपक्याने सगळी अक्षरं मोजायची. अलिफ तीन ठिपके उंच. कलम बदललं की ठिपका बदलतो आणि त्याबरोबर सगळंच बदलतं. मी 'नून'च्या पोटावर इतका काळ घालवलाय की हे मला विचारायचे, अगं अजून तेच? हो, तेच. खाली येताना बोरू जरासा फिरवावा लागतो, अंगठ्याने, हाताने नाही, आणि तो फिरला की कागदावर एक जाड पोट आणि निमुळतं टोक एका दमात उतरतं. हे ज्या सकाळी पहिल्यांदा जमलं त्या सकाळी मी कुणाशी बोलले नव्हते, कारण बोलले असते तर रडले असते.

आणि तो इराणी भात! तुला तर तो सांगायलाच नको, मागच्या खेपेला तहदीगचा, म्हणजे तळाच्या कुरकुरीत खरपुडीचा, अख्खा तुकडा तू एकटीने उचललास आणि वर म्हणालीस की तळाचं जळकं कोण खाणार म्हणून मी घेतलं. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुझी मैत्रीण अस्सल इराणी आहे, आमच्याकडे तहदीगवरून भावंडांची भांडणं होतात. आता माझा हात बसलाय. तांदूळ मिठाच्या पाण्यात भिजवायचा, कणी राहील इतपत उकळून निथळायचा, पातेल्यात तेल, केशराचं पाणी, थोडं दही कालवलेला भात खाली पसरायचा आणि बाकीचा वर डोंगरासारखा रचायचा. चमच्याच्या दांड्याने भोकं पाडायची, झाकणाला फडकं गुंडाळायचं म्हणजे वाफेचं पाणी परत भातावर पडत नाही, आणि मंद आचेवर सोडून द्यायचं. केशर मी आता चिमूटभर साखरेबरोबर खलते आणि बर्फाच्या खड्यावर टाकते. बर्फ हळूहळू वितळतो तसा रंग उतरत जातो, गरम पाण्यापेक्षा वास जास्त टिकतो. शेवटी पातेल्याचं बूड गार पाण्यात टेकवायचं, चर्र आवाज येतो, आणि उलटं करायचं. सोनेरी चकती सुटून ताटात आली की यांच्यासारखा अबोल माणूससुद्धा "वा" म्हणतो.

हे सगळं मला जे देतं ते एका आठवड्याच्या सहलीत बसमध्ये बसून मिळेल का, हा माझा प्रश्न आहे. तो कार्यक्रम मी वाचला, तख्त-ए-जमशीदला, म्हणजे पर्सेपोलिसच्या त्या जुन्या राजवाड्यांना, दोन तास! दारियस राजाने पाया घातला, पुढच्यांनी पिढ्यान्पिढ्या वर चढवलं आणि ख्रिस्तपूर्व 330 मध्ये सिकंदराच्या सैन्याने जाळलं, त्याला दोन तास आणि त्यात फोटो. मी जिन्यावरच्या एका भेट आणणाऱ्या माणसाच्या चित्रासमोर दोन तास उभी राहीन, गाइड काय करेल माझं?

मग नवरोज. लेक म्हणाला नवरोज "तिथे" कर. त्याला अजून कळलं नाहीये की नवरोजला तिथे-इथे नसतंच. सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो क्षण, सेकंदापर्यंत मोजलेला, कधी भर दुपारी, कधी मध्यरात्री, कधी पहाटे. तो क्षण शिराझला, टोरोंटोला आणि माझ्या स्वयंपाकघरात एकच असतो, घड्याळं तेवढी वेगळी. हफ्तसीन, म्हणजे नवरोजच्या सात वस्तू, मांडलेलं असतं, गव्हाचे हिरवे कोंब, सफरचंद, लसूण, सिरका, सुमाकची आंबट पूड, समनू ही गव्हाच्या कोंबांची खीर आणि सेंजेदचं फळ (सेंजेद मला कुठेच मिळत नव्हता, शेवटी बाईंनी पाकिटात घालून पाठवला, वाळलेल्या बोरासारखा दिसतो). बाईंच्या खिडकीबाहेर तेव्हा बर्फ असतो आणि आत कोंब. गेल्या वेळी त्यांच्याकडे रात्र होती, कॅमेरा चालू ठेवून बसल्या होत्या, मी इकडे बसले होते, कुणी काही बोलत नव्हतं, आणि क्षण आला तसं त्या पलीकडून आणि मी अलीकडून एकदमच हसलो. यापेक्षा खरा नवरोज कुठला असतो ते मला कुणीतरी समजावून सांगा.

आणि आता गंमत ऐक, म्हणजे मला गंमत वाटत नाहीये, हातपाय गार पडलेत. याच महिन्यात बाईंनी मला सरावाला जी गझल दिली ती कुठली असेल? हाफिज समुद्रावरून परत फिरला ती! तुला ही गोष्ट मी सांगितली होती, पण तू तेव्हा पेंगत होतीस म्हणून परत सांगते. दख्खनचा बहमनी सुलतान महंमदशाह, त्याच्या दरबारातला मीर फजलुल्ला इंजू. त्यांनी हाफिजला आपल्याकडे बोलावणं धाडलं, वाटखर्चाचे पैसेसुद्धा पाठवले. हाफिजने त्यातले बरेच बहिणीच्या पोरांना आणि कर्जात दिले, वाटेत लार गावी पोचल्यावर एक लुटला गेलेला मित्र भेटला त्याला उरलेले दिले, मग दोन व्यापाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने त्याला होर्मुझ बंदरापर्यंत नेलं. तिथे दख्खनचं जहाज उभं. हा चढला. आणि जहाज हलायच्या आत वादळ आलं, तसा हा मित्रांचा निरोप घ्यायचा राहिलाय म्हणून खाली उतरला आणि तडक शिराझ गाठलं. फजलुल्लाला गझल पाठवून दिली. त्यात म्हणतो की आधी फायद्याच्या आशेवर समुद्राचं दुःख सोपं वाटलं होतं, पण शंभर रत्नं मिळाली तरी हे वादळ सोसण्यासारखं नाही. सुलतान चिडला नाही, उलट सोन्याच्या हजार टंकांच्या, म्हणजे नाण्यांच्या, भेटवस्तू घेऊन पाठवल्या. फरिश्ता नावाच्या इतिहासकाराने हे दोनशे वर्षांनी लिहिलंय, पण मला त्यातला प्रत्येक शब्द मान्य आहे, भाचरांसकट.

म्हणजे बघ, तो आला नाही, त्याची गझल आली. आणि ती दख्खनमध्ये वाचली गेली, सुलतानाने वाचली, त्याला ती पुरली. मग मलाही ती इथेच पुरते, यात कमी काय आहे? त्या समुद्राच्या ओळीवर मी सध्या बसलेय, 'दरिया' हा शब्द अजून हवा तसा येत नाहीये.

इतकं सगळं मनात ठरवून मी बाईंना सांगितलं की लेक तिकीट काढतोय आणि मी नको म्हणणार आहे. मला वाटलं त्यांना पटेल, त्यांनीही तर सगळं इराण एका खिडकीत मांडलंय. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, तू जा. उर्दिबेहेश्तमध्ये, म्हणजे एप्रिल-मेच्या त्या इराणी महिन्यात जा, नवरोजला नको, त्यानंतर महिनाभर थांबून जा, तेव्हा अख्ख्या शिराझला नारिंगाच्या मोहराचा वास असतो, गल्लीत शिरलं की आधी वास येतो मग घरं दिसतात. आणि हाफिजच्या दगडावर माझ्यासाठी दोन बोटं टेकव. तिथे तसं करतात, दगडावर बोटं ठेवून फातिहा म्हणतात. करीमखान झंदने 1773 मध्ये बसवलेला तो दगड, त्यावर गझला कोरलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, मला जाता येत नाही, तू जाऊ शकतेस आणि जात नाहीस.

आता सांग. त्यांनी मला तो मोहर वाळवून पाठवला होता, मी चहात घालते, डब्याचं झाकण उघडलं की वास येतो आणि मला वाटायचं की हाच तो वास. त्या ज्या आवाजात गल्ली म्हणाल्या त्यानंतर मला तसं म्हणता येईना. तुझा तो वारा शेवटी आलाच बघ मध्ये. म्हणजे माझ्यासाठी म्हणून मला अजूनही जायचं नाही, त्यात तसूभर फरक नाही, पण त्यांच्यासाठी जावं का हा वेगळाच प्रश्न होऊन बसला. दुसऱ्याच्या वतीने बोटं टेकवायला जायचं म्हणजे ती सहल राहत नाही, ते काम होतं, आणि काम असलं की मी कुठेही जाते, तुला माहीतच आहे, नंदूच्या वेळी गेले होते तशी.

लेकाला काय सांगू? माझा विचार असा आहे की त्याला आधी येत्या नवरोजला माझ्या ओट्यापाशी बसवायचं. मोबाईल बाजूला ठेवून, त्या क्षणापर्यंत. तो कधी बसलाच नाहीये, दरवेळी ऑफिस. त्याने ते एकदा बघितलं की मग बोलू, जायचं ठरलंच तर बस आणि गाइड नको, उर्दिबेहेश्तमध्ये एकाच गावात राहायचं, हे त्याला तेव्हा पटेल. तुझं काय म्हणणं? आणि प्रामाणिकपणे सांग, माझी बाजू घ्यायची म्हणून घेऊ नकोस, इस्तंबूलवरून भांडली होतीस तशीच भांड. तू बरोबर येणार असशील तर तेही लिही, म्हणजे हे बॅगा राखत बसतील आणि आपण दोघी दरवाजे वाचू.

बाळाची बातमी आली की लगेच कळव, मुलगी झाली तर नाव मी सुचवणार हे ठरलेलं आहे. घराच्या रजिस्ट्रेशनचं लिहायला विसरू नकोस. आणि कोश परत पाठव गं, तुझ्याकडे 'दाल'च्या पुढे तो उघडलाच जात नाही आणि मला रोज लागतो. कुरियरने पाठव, पुठ्ठा घालून, कोपरे आधीच दुमडलेत.

तुझी,
विजू