तुझ्या मनातला आजार

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. "इतकी वर्षं मनातल्या मनात कुढत राहिले, त्याचीच ही गाठ झाली," हे तुझं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून आधी त्याचंच बोलते.

कुढण्यानं स्तनाचा कर्करोग होतो याला धड पुरावा नाही. बाईचा जन्म आणि वाढतं वय, हीच मोठी कारणं. जवळजवळ निम्म्या बायकांमध्ये याखेरीज दुसरं काही सापडतच नाही. आनुवंशिक म्हणावा असा शंभरातल्या पाच-दहा जणींनाच. तेव्हा स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढ. आणि "पॉझिटिव्ह राहा, म्हणजे बरी होशील" असं येता-जाता सुनावणाऱ्यांचं तर अजिबात मनावर घेऊ नकोस. या विषयावरचे अभ्यास २००२ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा लढाऊ बाण्यानं आयुष्य वाढतं असं काही ठामपणे निघालं नाही. रडू आलं तर खुशाल रड, बाई. गाठीला त्याचं सोयरसुतक नसतं.

दिवस कसे जातात हे मात्र आपल्या समजुतींवर बरंच ठरतं. हॉवर्ड लेव्हेन्थाल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या सुमारास हे मांडलं. प्रत्येक रुग्ण मनाशी आपल्या आजाराची कुंडली मांडतो: हे आहे काय, कशानं झालं, किती काळ चालणार, काय काय हिरावून नेणार, आणि माझ्या किंवा औषधांच्या हातात काही आहे का. मग तो वागतो त्या कुंडलीप्रमाणे; फाइलीत काय लिहिलंय ते बाजूलाच राहतं.

तुझ्या हाताचंच बघ ना. वापरला की सुजेल म्हणून ऑपरेशनच्या बाजूचा हात तू पोटाशी धरून बसतेस. त्यानं खांदा आखडतो, वेणी घालता येत नाही, मागचा हूक लागत नाही. आणि हूक लागला नाही की तुला वाटतं, आजार वाढला! २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजलेल्या बायकांना देखरेखीखाली, बेताबेतानं वजनं उचलायला लावली होती. सूज वाढली नाही. उलट त्रास कमी झाला, हातात ताकद आली. तू लगेच वजनं उचल असं नाही म्हणत, पण फिजिओथेरपिस्टला गाठ.

गोळ्यांचंही तेच. "गाठ काढली, आता गोळी कशाला?" असं एकीकडे म्हणतेस आणि सांधे दुखले की "हाडांत उतरला" म्हणून रात्रभर जागतेस. हार्मोनला आवर घालणाऱ्या अशा काही गोळ्यांनी सांधे दुखतात, हे तुला कुणी सांगितलं होतं का? नवं दुखणं रेंगाळलं तर डॉक्टरांना दाखवायचंच, पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

पुढच्या तपासणीला मी बरोबर येतेय. आत गेल्यावर तुझी बोबडी वळते, म्हणून आत्ताच वहीत लिहून ठेव: गोळी किती वर्षं, कोणतं दुखणं कळवायचं, हात किती वापरायचा. डॉक्टर कितीही घाईत असोत, उत्तरं मिळेपर्यंत मी काही खुर्ची सोडणार नाही. तारीख तेवढी कळव.

तुझी,
सुमा